मांडवाखालचा रस्ता

मंडपवाल्याला माणसं दोनच कारणांनी फोन करतात. उभारायला कधी येता, आणि काढायला काऊन येऊन नाही राहिले. लग्न आटोपलं, पाहुणे गेले, की ज्या झालरीखाली कालपर्यंत फोटो काढले तीच झालर घरच्यांच्या डोळ्यांत खुपायला लागते. सगळी उमर या धंद्यात गेली, आता पोरगा पाहतो, पण "राहू द्या, काढू नका" असं म्हणणारी बाई मला एकच भेटली. यमुनाबाई तिचं नाव. गाव फुलचूर, म्हणजे आता गोंदियाच म्हणा. दिवाळी अंकासाठी धंद्याच्या गमतीजमती लिहा असं संपादकांनी सांगितलं होतं. वादळात उडालेल्या मांडवांच्या आणि रुसलेल्या व्याह्यांच्या गोष्टी माझ्याकडे पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो की ही बाईच समोर येऊन उभी राहते, मी तरी काय करू.

आमचा धंदा बाहेरच्याला सोपा वाटतो. चार खांब रोवले, कापड ताणलं, झालं. तसं नसते. मी या कामाला लागलो तेव्हा बांबू आणि सुतळीचा जमाना होता. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, रस्त्यात हातभर खड्डा करायचा, बांबू उभा करायचा, दगडांनी ठोकून पक्का करायचा. वर जांभळीचे डहाळे टाकले की ऊन खाली उतरत नसे. गाठ अशी मारायची की वाऱ्यानं आवळत जावी आणि काढताना एका झटक्यात सुटावी. माझी गाठ केशोरीपासून बोदलकशापर्यंत प्रसिद्ध होती. आजकालच्या पोरांना नटबोल्ट आवळता येतात, गाठ येत नाही. हे माझं रडगाणं घरचे रोज ऐकतात, तुम्ही एकदा ऐकून घ्या.

मांडव काढला की रस्त्यात खड्डे राहत. आम्ही माती लोटायचो, पहिल्या पाण्यात ती बसायची. त्यावरून लोकांनी मला कमी शिव्या दिल्या नाहीत. पण त्या खड्ड्यांचा एक गुण होता, तो तेव्हा माझ्याही ध्यानात आला नाही. त्या गल्ल्यांमधून कोणी गाडी पळवत नसे. मग सिमेंटचे रस्ते आले. सब्बल चालेना, म्हणून आम्ही लोखंडी बैठकीचे पाईप आणले. ते नुसते टेकवायचे, रस्त्याला ओरखडाही उठत नाही. रस्ते गुळगुळीत झाले, मला शिव्या बंद झाल्या, आणि गल्ल्यांमधून गाड्या सुसाट सुटल्या.

यमुनाबाईंची गल्ली तर मोठ्या रस्त्यावरून बाजाराकडे निघणारी आडवाट होती. सिमेंट पडल्यावर ती साऱ्या गोंदियाला सापडली. मिलचे पिकअप, विटांचे ट्रॅक्टर, मोटारसायकलींवरचे पोट्टे, सगळे तिथूनच. दोन्हीकडे घरं, घरांना ओटे, आणि ओट्याखाली पाय टाकला की थेट चाकासमोर.

या गल्लीत यमुनाबाईंचं घर एका बाजूला आणि लखनजी उईक्यांचं बरोबर समोर. यमुनाबाईंचे मालक गोपीचंदजी. सगळा जन्म राईस मिलमध्ये मशीनवर गेला, त्या घरघरीनं दोन्ही कान गेले. कानाला यंत्र लावून दिलं तर म्हणे, यातही मिलच चालू आहे, आणि काढून ठेवलं. लखनजी जंगल खात्यात वनमजूर होते. त्यांचे कान शाबूत, पण गुडघे पार गेलेले. हे दोघं मित्र. रोज संध्याकाळी गोपीचंदजी रस्ता ओलांडून उईक्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. लखनजी तंबाखू मळायचे, अर्धी त्यांच्या हातावर ठेवायचे. बोलणं काही नाही. काही दाखवायचं असलं की लखनजी गोपीचंदजींच्या मांडीवर थाप मारायचे आणि बोट करायचे. ते बसणं मी स्वतः पाहिलं आहे. दोन बुढे अंधार पडेपर्यंत असे बसून राहत की आपल्यालाच हेवा वाटावा.

सिमेंटचा रस्ता झाल्यावर एका संध्याकाळी गोपीचंदजी मधोमध असताना एक पिकअप इतका जवळून गेला की त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा आरशात अडकून गेला. माणूस वाचला. हॉर्न खूप वाजवला होता म्हणतात, पण तो वाजवायचा कोणासाठी. त्यानंतर यमुनाबाई त्यांना हाताला धरून पलीकडे नेऊ लागल्या. थोडे दिवस गेले असतील, मग त्यांनी जाणंच सोडलं. बायकोनं लहान पोरासारखं रस्ता पार करून द्यावा, याची त्यांना लाज वाटे. लखनजींना इकडे यायचं तर अर्ध्या रस्त्यात पोचेस्तोवर दोन्हीकडून गाड्या येत. मग दोघं आपापल्या ओट्यावर बसू लागले. एक इकडे खुर्चीत, एक तिकडे पायरीवर. संध्याकाळी बसले की एकमेकांकडे पाहून हात वर करायचे, आणि उठून जाताना परत एकदा.

हे सगळं मला नंतर कळलं. मी गेलो होतो यमुनाबाईंच्या धाकटीच्या लग्नाचा मांडव टाकायला. दारासमोर जागा नव्हती, तेव्हा मांडव रस्त्यावरूनच, थेट उईक्यांच्या ओट्याला टेकवून टाकला. पण रस्ता पुरता बंद करायचा नाही, हा माझा जुना नियम आहे. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर? पंगत उठली की मधली वाट मोकळी ठेवायची, गाड्या मांडवाखालून जातात.

आणि ही आमच्या भागाची गोष्ट सांगतो. मांडवाखालून कोणी गाडी पळवत नाही. जो पोट्टा मोठ्या रस्त्यावर बापालाही बाजू देत नाही, तो मांडवाच्या तोंडाशी आला की आपोआप गाडी हळू करतो, पाय टेकवत टेकवत जातो, हॉर्नला हात लावत नाही. मांडव पडला की त्या रस्त्याचं अंगण होते, आणि दुसऱ्याच्या अंगणातून धाडधाड जायला आपल्याकडे अजून तरी लाज वाटते. त्याला ना पाटी लागते ना पोलीस.

लग्न झालं, पोरगी सासरी गेली. मी माणसं घेऊन मांडव उतरवायला पोचलो. कनाती सोडल्या, गाद्या गुंडाळल्या, तोवर यमुनाबाई आल्या. काही हरवलं असेल, भांडायला आल्या असतील, असं मला वाटलं.

"काऊन काढून राहिले जी, भाऊ? राहू द्या ना," त्या म्हणाल्या.

"बाई, पोरगी गेली ना सासरी. आता मांडव कशाला?"

त्यांनी नुसतं समोर पाहिलं. उईक्यांच्या ओट्यावर दोघं बुढे बसले होते. लखनजी तंबाखू मळून राहिले होते.

"एकटा गेला बुढा," त्या म्हणाल्या. "माह्या हाताले धरून नाही. लग्नाच्या दिवसापासून रोज एकटा जाऊन राहिला."

आता बोला. माझी माणसं ट्रॅक्टरवर पाईप चढवून राहिली होती, पुढचं लग्न आमगाव रोडला होतं, हंगाम ऐन भरात. मी म्हटलं, कापड तेवढं न्या, पाईपाचा सांगाडा आणि दोन तोंडांची झालर राहू द्या.  पुढच्या लग्नाला पाईप भाड्यानं आणून वेळ मारून नेली आणि घरी बायकोची बोलणी खाल्ली.

त्या उघड्या सांगाड्याखालूनही गाड्या हळूच जात होत्या. दिवसामागून दिवस गेले. शेवटी कोणीतरी तक्रार केली. मला वाटते गल्लीतल्याच कोणीतरी, पण आता ते उकरून काढत नाही. एक हवालदार आले, वयस्क, डोळ्यांत जरब असलेले. मला बोलावून घेतलं.

"शादी तो हो गई ना? फिर रास्ता क्यों घेर रखा है?"

मी कापड ओलं होतं, माणसं मिळत नव्हती, असं काहीबाही सांगू लागलो. यमुनाबाईंनी मला बाजूला केलं.

"लग्न पोरीचं होतं, साहेब. आता हा मांडव बुढ्यासाठी आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, दुपट्ट्यासकट. हवालदारांनी ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाले की मांडव तर काढावाच लागेल, त्याला इलाज नाही. पण वस्तीतल्या रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी करून घेता येतो. सगळ्या गल्लीनं मिळून मागणी करा, ताशी वीसची मर्यादा मागा, पाट्या लागतील, उंचवटे होतील. तो माणूस देवासारखा बोलला, हे मी आजही म्हणतो. मांडव मात्र मी त्याच दिवशी उतरवला. शेवटचा पाईप निघाला आणि थोड्याच वेळात एक मोटारसायकल भर्रकन गेली. गोपीचंदजी तेव्हा घरातून निघाले होते. दारातच थांबले, मागे वळले आणि खुर्चीत बसले.

मी तसा गल्लीचा कोणी नाही, पण यमुनाबाईंनी मला या मागणीच्या बैठकीला बोलावलं. वीस म्हटल्यावर जी हसण्याची लाट आली ती काय सांगू. "वीसमंदी तं बैलबंडी जाते जी," एकजण म्हणाला. एक पोट्टा म्हणे, गाडी तिसऱ्या गिअरमध्येच पडणार नाही. ज्यांच्या घरी लहान लेकरं होती त्यांच्या बायका यमुनाबाईंच्या बाजूनं, आणि नवरे घड्याळाकडे पाहणारे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मांडव होता तेव्हा तुम्ही सगळे पायी चालल्यासारख्या गाड्या नेत होते, तेव्हा कोणाचं काम अडलं? कोणाची नोकरी गेली?  शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. तो बैलबंडी म्हणणारा, त्याचं नावच मग बैलबंडीवाला पडलं, त्यानं सगळ्यात शेवटी केली, पण केली.

मागणी कचेरीत पोचली. बरेच हेलपाटे झाल्यावर निरोप आला, साहेब पाहणीला येणार आहेत. गल्लीत आनंदीआनंद. आणि इथे आमचं जे झालं ते आमचंच होऊ शकते.

आपल्या घरी साहेब येणार म्हणजे काय त्यांना उन्हात उभं करायचं? आमच्याकडे पाहुण्यासाठी मांडव टाकतात, खुर्च्या मांडतात, नारळ ठेवतात. यमुनाबाईंचाच फोन आला, या खेपेला "उभारा" म्हणून. मीही हौसेनं माझी सगळ्यात चांगली पिवळी झालर काढली. रस्ता बंद करायचा नाही, साहेबांना गाड्या दिसल्या पाहिजेत, म्हणून मधली वाट नेहमीसारखी मोकळी ठेवली. आम्ही किती विचार केला पहा. सगळी गल्ली नटून बसली. बायकांनी पोहे केले. बैलबंडीवाला स्वतः पाण्याचे ग्लास फिरवून राहिला होता.

साहेब म्हणजे तरुण इंजिनिअर, नागपूरकडचा, नम्र पोरगा. खुर्चीवर बसला, पोहे खाल्ले, चहाचा कप घेतला आणि रस्त्याकडे पाहत राहिला. एक मोटारसायकल आली, मांडवाच्या तोंडाशी हळू झाली, पाय टेकवत गेली. पिकअप आला, तोही तसाच. ट्रॅक्टरवाल्यानं तर जाता जाता साहेबांना नमस्कार केला. त्यानं असं पुष्कळ वेळ पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"काकू, इथे तर सगळे हळूच चालवतात."

 यमुनाबाई हातातलं ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. सगळी गल्ली एकदम बोलू लागली, साहेब हे आज मांडवामुळे, एरवी येऊन पहा, त्या पिकअपवाल्याला विचारा. पोरगा शांतपणे ऐकत होता. म्हणाला, मी जे पाहिलं तेच मला लिहिता येईल. खोटं तो काही बोलला नाही. आम्हीच त्याला आमचं अंगण दाखवलं होतं आणि रस्ता झाकून ठेवला होता. मर्यादा कमी करण्याची गरज दिसत नाही, असा शेरा पडला.

लोक हसतात हा किस्सा सांगितला की. मीही लग्नाच्या पंगतीत सांगून हसवलं आहे लोकांना. पण एकटा असलो की कपाळावर हात मारावासा वाटते. मला धंद्यात कोणी खराब मांडव म्हणून नाव ठेवलं नाही, आणि जो सगळ्यात चांगला टाकला त्यानंच घात केला.

दुसरी पाहणी व्हायला फार काळ गेला. एकदा गरज नाही असं कागदावर आलं की ते पुसायला नाकी नऊ येतात. यमुनाबाई मात्र थकल्या नाहीत. पायात साध्या स्लिपर, डोक्यावर पदर, कचेरीच्या बाकावर बसलेल्या मी त्यांना कितीदा पाहिलं. विचारलं की म्हणायच्या, "बसून राहिली जी. उठा म्हणतीन तं उठीन." इकडे गल्लीत दोन ओट्यांवरून हात वर होत होते.

त्या थंडीत लखनजी गेले. छातीत कफ झाला होता, चार-आठ दिवसांत संपलं. तेरवीचा मांडव माझ्याकडेच आला. मी तो तसाच टाकला, रस्त्यावरून, एका ओट्यापासून दुसऱ्या ओट्यापर्यंत. तेरवीला झालर लावत नाहीत, नुसतं पांढरं कापड. गोपीचंदजी घरातून निघाले, मांडवाखालून एकटे चालत गेले आणि ओट्यावर आपल्या जागेवर बसले. पंगती झाल्या, माणसं उठली, तरी बसून होते. त्या दिवशी मी मांडव उशिरा काढला. कोणी राहू द्या म्हटलं नव्हतं.

त्यानंतर दुसरी पाहणी झाली. तोच इंजिनिअर आला होता. या खेपेला यमुनाबाईंनी गल्लीला ताकीद दिली होती, कोणी बाहेर यायचं नाही, खुर्ची टाकायची नाही, चहा विचारायचा नाही. आमच्या लोकांना ते किती जड गेलं म्हणून सांगू. बैलबंडीवाला खिडकीआडून तळमळत होता. मी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर उभा होतो. यमुनाबाई एकट्या त्याच्याजवळ गेल्या.

"साहेब, तुमचं लिहिणं मंग करजा. पहिले त्या समोरच्या ओट्यावर जाऊन बसून या."

पोरगा हसला, पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. परत टाकलं, परत घेतलं. पिकअप गेला, मोटारसायकली गेल्या. शेवटी धावतच पलीकडे पोचला. परत आला तेव्हा हसत नव्हता. यमुनाबाईंना म्हणाला, "काकू, मागच्या वेळेस माझी चूक झाली." त्या म्हणाल्या, "तुमची नाही जी. आमी मांडव टाकला होता ना."

वीस मंजूर झालं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना लाल गोलाच्या पाट्या लागल्या, मध्ये रुंद उंचवटे झाले. सुरुवातीला कोणीतरी एका पाटीवर वाढदिवसाचं फ्लेक्स बांधलं होतं. ते मी स्वतः स्टूल घेऊन जाऊन सोडलं, आणि गाठ पाहून माझाच एक जुना माणूस आहे हे ओळखलं. त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. पण गाड्या हळू झाल्या. अगदी मांडवाखालून जातात तशा नाही, पण झाल्या. बैलबंडीवाला आता बाहेरच्या गाड्यांना हात दाखवून थांबवतो आणि पाटी वाचायला लावतो.

मग एक दिवस यमुनाबाईंचा फोन आला. कोणाचं लग्न, मी विचारलं. म्हणे काही नाही जी, सहज येऊन जाजा. मी संध्याकाळी गेलो. त्या आत चहा टाकत होत्या. गोपीचंदजी खुर्चीतून उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि रस्त्यावर उतरले. एक पिकअप येत होता, तो उंचवट्याआधीच थांबला. गोपीचंदजी मधोमध पोचले, कोणीकडे न पाहता, आपल्या चालीनं. पलीकडे जाऊन ओट्यावर बसले. स्वतःच्या जागेवर नाही, लखनजी बसायचे तिथे, पायरीवर. खिशातून डबी काढली, तंबाखू मळली. अर्धी बाजूला काढायला गेले आणि थांबले. मग सगळीच तोंडात टाकली.

अंधार पडू लागला तसा त्यांनी हात वर केला. इकडे, आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून. मी त्या खुर्चीजवळच उभा होतो. मीही हात वर केला.